साळूकाकीच्या घरची बंदूक

"माझ्या चांदमारीवर माणूस सोडा, मुंगीबी मरायची न्हाई," भिवाजी हवालदार म्हणाला, आणि बोलणं लोकांच्या मनात नीट ठसावं म्हणून त्यानं बंदुकीची नळी आपल्याच बुटावर टेकवली. "ही बगा. रिकामी. रिकामी बंदूक म्हंजी काय? काठी." आणि चाप ओढला.

काठी वाजली.

डाव्या पायाची करंगळी बुटाच्या कोपऱ्यासकट गेली. माळावर बसलेल्या शे-दीडशे माणसांनी आधी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असल्या कार्यक्रमाची सुरुवात अशीच करत असतील. बुटातनं रक्त यायला लागलं तशा टाळ्या मंदावल्या. भिवाजीचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं, पण तो उभा राहिला. दातावर दात दाबून म्हणाला, "हे असं करू नये. म्हणून दावलं."

मग पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जोरात. शिकवायला स्वतःची करंगळी खर्च करणारा गुरू मिळायला नशीब लागतं, असं सरपंच नथूआण्णा तिथल्या तिथं उठून बोलले. करंगळी नंतर पुष्कळ शोधली. एका कोंबडीच्या चोचीत ती बघितल्याचं दोघांनी सांगितलं, पण कोंबडी कुणाची यावर एकमत झालं नाही.

आमचं माले गाव पौडाच्या पुढं, मुळशीच्या रस्त्याला. चीनची लढाई होऊन वर्षही झालं नव्हतं. लढाई झाली तिकडं हिमालयात, पण दचकून जागे झाले ते कचेरीतले साहेबलोक. गावोगावच्या माणसाला बंदूक चालवता आली पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. म्हणून ओढ्यापलीकडच्या माळावर चांदमारी काढली. मातीचा उंच बांध घातला, बांधापुढं लाकडी फळ्या रोवल्या, फळ्यांवर काळ्या ठिपक्याचे कागद लावले आणि पुण्याहून तीन रायफली आल्या. दर रविवारी कुणीही यावं, गोळ्या झाडाव्यात, घरी जावं. आता शिकवणार कोण? गावात पलटणीतनं परत आलेला माणूस एकच, भिवाजी वाळंज.

पंधरा वर्षं तो पलटणीत होता, यात खोटं काही नाही. मात्र त्यातली पंधराही वर्षं त्यानं खेचरं हाकली होती. बंदुका त्यानं पुष्कळ बघितल्या होत्या, पण खेचराच्या पाठीवर बांधलेल्या. परत आला तर भाऊ वारलेला, घर वहिनीच्या हातात. वहिनी सारजाबाई. तिनं चार दिवस हवालदाराला गरम भाकरी वाढली आणि पाचव्या दिवशी हातात दावं दिलं. तेव्हापासून गावाचा हवालदार पाच म्हशींमागं फिरत होता. म्हशी खेचरांपेक्षा शहाण्या, त्यामुळं त्याच्या आरडाओरड्याकडं ढुंकून बघत नव्हत्या. सारजाबाई मात्र रोज संध्याकाळी म्हशींची पोटं चाचपून बघायची आणि मगच त्याला ताट वाढायची.

अशात ही चांदमारी आली. खाकी कपडे आले, शिट्टी आली, चार माणसं "हवालदारसाहेब" म्हणायला लागली. पण नेमणूक कच्ची होती. खंडेनवमीला पुण्याचे साहेब तपासणीला येणार, त्यांना सगळं पटलं तर भिवाजी कायमचा मास्तर, न पटलं तर बंदुका पुण्याला आणि भिवाजी म्हशींकडं. सारजाबाईनं त्याला एवढंच सांगून ठेवलं होतं, "भावजी, दावं खुंटीला अडकिवलंय. फेकून न्हाई दिलं."

त्या दिवसापासून भिवाजीला झोपेतसुद्धा ती खुंटी दिसायची.

आता ते काडतूस बंदुकीत आलं कुठनं, हे सांगायला पाहिजे. पुण्याहून बंदुका रिकाम्याच आल्या होत्या. आणणाऱ्या माणसानं साळूकाकीच्या अंगणात एकेकीचा बोल्ट मागं ओढून सगळ्यांना आतलं भोक दाखवलं होतं, काडतूस कसं सरकवायचं तेही दाखवलं होतं. साळूकाकीच्या अंगणात अशासाठी, की गावात लोखंडी कुलपाची कोठी तिच्याच घरी होती. बंदुका आणि काडतुसांची पेटी तिच्याकडं ठेवायची, रविवारी सकाळी भिवाजीनं न्यायची, संध्याकाळी परत आणून द्यायची, असं ठरलं.

साळूकाकीसारखी सरळ बाई तालुक्यात नव्हती. तिच्या घरनं रिकामं भांडं परत गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ताकाची चरवी पाठवा, चरवीत मूठभर तांदूळ. वाटी पाठवा, वाटीत गुळाचा खडा. घरात काही नसलं तर चार दाणे टाकील, फूल टाकील, पण रिकामं म्हणून द्यायची नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडलं की त्याच्या घरची बरकत जाते. असं तिला सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. पाळतात सगळ्याच बायका, पण साळूकाकीनं चाळीस वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं.

आणि बंदूक तर सगळ्या गावाची वस्तू. ती रिकामी कशी द्यायची? साळूकाकीचा नवरा होता तेव्हा त्याच्याकडं ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. दारू घालायची, चिंध्या घालायच्या, गजानं ठासायचं, ही कामं काकीच करायची. नवरा फक्त बार उडवायचा, आणि डुकरं फक्त बघायची. त्यामुळं हत्याराची तिला भीती नव्हती. रविवारी पहाटे अंघोळ करून ती कोठी उघडायची, तिन्ही बंदुकांना हळद-कुंकू लावायची, पेटीतनं तीन काडतुसं घ्यायची आणि एकेकीच्या पोटात एकेक सरकवून बोल्ट लावायची. मग भिवाजी यायचा, बंदुका उचलायचा. खांद्यावर पुरतं एक खेचराचं ओझं व्हायचं.

पुण्याच्या माणसानं जाताना छापील कागद दिला होता. बंदूक कायम भरलेली समजावी, हातात घेताना उघडून बघावी, नळी माणसाकडं करू नये, असं त्यात होतं. भिवाजीला तो कागद वाचून राग आला. हवालदारानं रिकामी म्हणून दिलेली बंदूक उघडून बघायची, म्हणजे हवालदाराचा शब्द उघडून बघण्यासारखं झालं. त्यानं तो कागद निशाणांवरची भोकं बुजवायला देऊन टाकला.

भोकं बुजवायचं काम कान्हूचं. कान्हू वरच्या कातकरीवाडीचा. पळता ससा गलोलीनं लोळवावा तर त्यानंच. पण चांदमारी सगळ्यांना खुली होती आणि सगळ्यांत कान्हू धरला नव्हता. त्याला बांधापाशी खड्ड्यात बसवलं होतं. गोळी सुटली की बाहेर यायचं, कुठं लागली ते बांबूनं दाखवायचं, भोकावर खळीनं कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि पुन्हा खड्ड्यात. नियमांचा कागद फाडून फाडून त्यानं निशाणावर लावला. वाचता येत नसल्यानं त्याला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या रविवारी पहिला मान नथूआण्णांचा. सरपंचांची सवय अशी की हातात असेल त्यानं बोलायचं. छत्री असली तर छत्रीनं, काठी असली तर काठीनं. भिवाजी पायाला फडकं गुंडाळून खुर्चीत बसला होता. त्यानं बंदूक दिली, वर "रिकामी हाय, काडतूस मागनं देतो" म्हणून सांगितलं. कान्हू अजून कागद चिकटवत होता. नथूआण्णांनी बंदुकीनंच त्याच्याकडं बोट दाखवल्यासारखं केलं आणि कागद वाकडा लागलाय म्हणून सांगायला लागले.

कान्हूचा डावा कान वरनं निम्मा गेला.

सगळे धावले ते फळीकडं. गोळी कानातनं पलीकडं जाऊन काळ्या ठिपक्याच्या बरोबर मधी लागली होती. नेम न धरता! नथूआण्णांना खांद्यावर घेतलं. कान्हू कानावर हात दाबून बसला होता, त्याला बांबू उचलून ठिपका दाखवायला सांगितलं. त्यानं एका हातानं दाखवला. भिवाजीनं निकाल दिला की कान्ह्या निशाणाच्या आड उभा राहिला ही त्याची चूक. तरी गावानं मोठं मन करून त्याला हळद आणि नारळ द्यायचं ठरवलं. नारळ नासका निघाला.

कान्हू हळद लावून घेताना म्हणाला, "हवालदार, देताना ती उगडून बगत जा. आमी गलोल दुसऱ्याला देताना बी खडा काडून देतो."

"तू मला शिकीवनार?" भिवाजी म्हणाला.

कान्हूला शिकवायचं नव्हतं, त्याला उरलेला दीड कान जपायचा होता.

तिसऱ्या रविवारी म्हसू धनगर मेंढरं घेऊन ओढ्याकाठानं चालला होता. त्याचं बिचाऱ्याचं चांदमारीशी काही नव्हतं. तालमीतल्या एका गड्यानं बंदूक घेतली आणि ती किती हलकी आहे म्हणून एका हातानं आडवी तोलून दाखवली. बार झाला आणि म्हसूची एक मेंढी खाली बसली ती बसलीच. आता मात्र लोकांना संशय आला. दर रविवारी पहिली गोळी आपोआप कशी सुटते? उरलेल्या दोन भरायला घेतल्या की त्यांतनंही आयतं काडतूस खाली कसं पडतं? यात काहीतरी असणार. पुष्कळ विचार करून गावानं शोध लावला, की पहिली गोळी वाघजाईची. देवी आपला वाटा घेते. तसं असलं तर मेंढीसुद्धा देवीनंच घेतली, मग ती वाया का घालवायची? दुपारी माळावरच रस्सा झाला. म्हसूलाही आग्रहानं बसवलं आणि नळीची दोन हाडं वाढली. तो खाली मान घालून जेवला. रस्सा चांगला झाला होता, हे त्यानंच नंतर रडत रडत सांगितलं.

बंदूक दुसऱ्याच्या हातात देण्याआधी बोल्ट ओढून बघावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. उलट ज्याच्या डोक्यात आलं असतं त्याला देवीवर विश्वास नाही असं ठरलं असतं. चौथ्या रविवारी सुरुवातीला नारळ फोडला, वाघजाईचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. बंदूक धरणाऱ्यानंही हात जोडले. त्या वेळी माळावर भजी तळणाऱ्या फुलाबाईचा झारा गेला आणि झाऱ्यामागचा अंगठा. गर्दी मात्र रविवारगणिक वाढत होती. नेमबाजीला नव्हे. आज देवी काय घेते ते बघायला लांबच्या वाडीवस्तीवरनं, थेट ताम्हिणीकडनं माणसं यायला लागली. यायची आणि झाडामागं बसायची.

भिवाजी वाळत चालला. खंडेनवमी आठ दिवसांवर आली. साहेबापुढं देवीनं वाटा मागितला तर? त्याला करंगळीच्या जागी कळ यायची आणि डोळ्यापुढं दावं लोंबायचं. त्यात सारजाबाईची चौथ्या वेताची म्हैस गाभण, दिवस भरत आलेले. ती भिवाजीच्या देखत म्हशीला म्हणायची, "थांब गं माजी बाय, येतोय तुजा हवालदार परत."

कान्हूला खरा प्रकार कळला तो साळूकाकीकडं लाकडं फोडताना. पाचव्या रविवारी सकाळी कोठीचं दार उघडं होतं. काकी बंदुकीला कुंकू लावत होती, मग तिनं बोल्ट ओढला, काडतूस सरकवलं, बोल्ट लावला आणि हात जोडले. कान्हूनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि त्या दिवशी खड्ड्यात बसला तो संध्याकाळपर्यंत वर आलाच नाही. गोळ्या कुठं लागल्या हे तो खालूनच अंदाजानं सांगत होता. त्यामुळं त्या दिवशी सगळ्यांचेच नेम चांगले लागले. उठल्यावर त्यानं भिवाजीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

भिवाजीनं आधी त्याला शिव्या दिल्या. मग लंगडत लंगडत साळूकाकीच्या घरी गेला. काकी जात्याशी बसली होती.

"काकी, बंदुकीत काडतूस तुमी घालता?"

"मग कोन घालनार? तुजी वैनी?"

"आवं, पर का?"

काकीनं जातं थांबवलं. तिला प्रश्नच कळला नाही. "ह्या घरातनं रिकामं काय गेलंय का कदी, भिवा? तुजी आई ताकाची चरवी धाडायची, ईचार तिला वर गेल्याव. आन ही तर गावाची बंदूक. ती रिकामी दिऊ? लोक तोंडात शेन घालतील माज्या."

भिवाजीनं पाय पुढं केला, करंगळीची जागा दाखवली. काकी कळवळली. तिनं त्याला हळद-दूध दिलं आणि म्हणाली की पुढच्या वेळी ती नळीला जास्त कुंकू लावील. मग भिवाजी रडला. हवालदार माणूस, जात्यापाशी बसून रडला. साहेब येणार आहेत, नेमणूक जाईल, म्हशी परत मागं लागतील, असं सगळं सांगितलं. काकीचं मन मऊ. तिनं पुष्कळ ओढून धरलं, पण शेवटी कबूल झाली.

"वाघजाईची आन घे," भिवाजी म्हणाला. "माज्या हातात देताना एक बी काडतूस न्हाई."

"आन. एक बी काडतूस न्हाई," साळूकाकी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

भिवाजीला एवढं हलकं वाटलं की तो लंगडायचं विसरला. आणखी काही विचारायचंही विसरला.

खंडेनवमीची सकाळ. घरोघर विळे-कोयते धुऊन पाटावर मांडलेले, त्यांना झेंडू, त्यांना नैवेद्य. साळूकाकीनं तिन्ही बंदुका पाटावर ठेवल्या. कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पेटीकडं ती बघतही नव्हती, आन म्हणजे आन. पण सणासुदीचा दिवस, हत्याराची पूजा, आणि घरातनं रिकामं जाणार? काकी उठली, तीळ कुटले, गुळात मळले, त्याच्या करंगळीएवढ्या वळकट्या केल्या. एकेका बंदुकीच्या तोंडात एकेक घातली आणि नवऱ्याचा जुना गज माळ्यावरनं काढून, पहिल्यासारखी, नळीच्या मध्यापर्यंत नीट ठासली. मग तिच्या जिवाला बरं वाटलं.

साहेब जीपनं आले. गोरेपान, चष्मा, कोरलेली मिशी. माणूस भला होता. कुणाचं वाईट करावं असं त्याच्या मनात कधी आलं नसेल. माळावर झाडामागं माणसं खचाखच भरली होती. साहेबांनी विचारलं की लोक झाडांमागं का बसतात. नथूआण्णांनी सांगितलं की शिस्त आहे.

आणि त्या दिवशी भिवाजीनं जन्मात पहिल्यांदा बरोबर काम केलं. पहिली बंदूक उचलली, नळी बांधाकडं केली, खाडकन बोल्ट मागं ओढला आणि साहेबांना आतलं भोक दाखवलं. रिकामी! दुसरी ओढली, रिकामी. तिसरी, रिकामी. झाडामागनं एक मोठा सुस्कारा आला, त्यात थोडी निराशाही होती. साहेब खूश झाले. तपासणीला आजवर बऱ्याच ठिकाणी गेलो, असं स्वतःहून उघडून कुणी दाखवलं नाही, म्हणाले. वहीत काहीतरी लिहिलं. भिवाजीनं वाकून बघितलं. "कायम करण्यास हरकत नाही" एवढं लिहून झालं होतं, सही राहिली होती.

"एक फैर मी झाडतो," साहेब म्हणाले, "मग सही करू."

त्या दिवशी कान्हूला खड्ड्यातनं बाहेर काढून साहेबांजवळ उभं केलं होतं. कान गेला तो मोठ्या फडक्यानं झाकून, काडतुसांचं तबक हातात देऊन. साहेबांनी काडतूस उचललं. कान्हूची नजर बंदुकीच्या तोंडाकडं गेली. नळीवर मुंग्यांची रांग लागली होती. काही आत जात होत्या, काही बाहेर येत होत्या, आणि बाहेर येणाऱ्यांच्या तोंडात काहीतरी होतं.

"हवालदार," कान्हू हळूच म्हणाला, "नळीत मुंग्या जात्यात."

भिवाजीनं डोळे वटारले. साहेबांनी मात्र ऐकलं आणि हसले. म्हणाले, मुंग्या गोडाकडं जातात, शुभच आहे. नथूआण्णा हसले, मग सगळा माळ हसला. कान्हूनं तबक खाली ठेवलं आणि चार पावलं मागं जाऊन पालथा पडला. त्यालाही लोक हसले.

साहेबांनी नेम धरला आणि चाप ओढला.

नळी मधनं केळीच्या सालासारखी उलगडली. साहेबांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, कोरलेल्या मिशीतली डावीकडची गेली, चष्म्याच्या काचा गेल्या. मागं गरम चिकट काहीतरी सगळ्यांच्या अंगावर उडालं. नथूआण्णांच्या गालावर बसलं, त्यांनी बोटानं काढून चाटलं आणि म्हणाले, "गूळ हाय. तीळ बी हायेत." मुंग्या किती मेल्या ते मोजता आलं नाही, नळीत एकही उरली नव्हती.

भिवाजी पुढं झाला. घसा खाकरून म्हणाला, "हे असं करू नये. म्हणून..."

या वेळी टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. साहेबांना जीपमधे आडवं घालून पुण्याला नेलं. वही तिथंच पडली होती. भिवाजीनं ती उचलून पुसली. सहीच्या जागी गुळाचा डाग होता. त्याला मुंग्या लागायला लागल्या होत्या.

घरी आला तर सारजाबाई दारात उभी. तिनं खुंटीवरचं दावं काढून त्याच्या हातात दिलं, खाकी कपडे उतरवून घेतले आणि गोठ्यातल्या पोतेऱ्यासाठी ठेवले. एवढंच म्हणाली, "गाभन हाय ती. तिला काय झालं तर ह्या घरात तुमचं ताट न्हाई, भावजी."

म्हणजे आता भिवाजीकडं राहिली होती फक्त ती म्हैस. तो तिला जिवापाड जपायला लागला. उन्हात सावलीला उभी करायचा, चढणीला नेत नव्हता. तिच्याशी बोलायचासुद्धा, अगदी हळू आवाजात. सारजाबाईला त्याचं कौतुक वाटायला लागलं होतं.

दहा दिवसांनी बंदुका जप्त करायला पुण्याहून एक जमादार आला. बैलगाडी भाड्यानं ठरवून साळूकाकीच्या दारात उभा राहिला. काकीनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि आत गेली. बंदुका आता घरातनं कायमच्या निघाल्या होत्या. लेक सासरी निघाली तर ओटी रिकामी ठेवतं का कुणी? आन घेतली होती ती भिवाच्या हातात देताना घालणार नाही अशी. जमादार तर पाहुणा. दोन धडक्या बंदुकांतला तीळगूळ दहा दिवसांत मुंग्यांनी पार साफ केला होता, त्यांत काकीनं एकेक काडतूस घातलं. फाटलेल्या तिसरीचा बोल्ट बसेना, म्हणून तिच्या नळीला हळकुंड बांधलं. तिघींना कुंकू लावलं आणि पदर डोळ्याला लावून बाहेर आणून दिल्या.

सामान चढवायला कान्हूला धरून आणलं होतं. त्यानं कुंकू बघितलं.

"जमादार," तो म्हणाला, "ह्या उगडून बगा. भरल्याल्या असतील."

जमादारानं त्याच्या अर्ध्या कानाकडं बघितलं, मग स्वतःच्या पट्ट्याकडं. सरकारी मालाला कातकऱ्याच्या सांगण्यावरनं हात लावायला तो काही खुळा नव्हता. बंदुका गवतावर आडव्या टाकल्या, वर पोतं टाकलं, पोत्यावर स्वतः बसला. गाडी निघाली. कान्हू थोडा वेळ मागनं चालला, मग चालणं थांबवून रस्त्याकडंच्या चरात जाऊन झोपला.

ओढ्याच्या वळणावर भिवाजी म्हशी राखत होता. गाडी दिसली, पोत्याखालनं बाहेर आलेल्या नळ्या दिसल्या. पाच रविवार खांद्यावरनं नेलेल्या बंदुका. त्याला राहवलं नाही. त्यानं दावं खाली टाकलं, टाचेला टाच लावली, छाती काढली आणि पंधरा वर्षं खेचरांवर तापवलेल्या आवाजात "सावधान" म्हणून हुकूम सोडला.

बैल बुजले, गाडी गचका खाऊन वळली, जमादार पोत्यावरनं घसरला आणि आधाराला म्हणून त्यानं पोत्याखाली हाताला लागेल ते पकडलं. तो चाप होता. गोळी गाभण म्हशीच्या डोळ्यातनं आत गेली. ती तिथंच पडली.